प्रक्षेपण कोणाच्या मालकीचे?

18 नोव्हेंबर 1994 रोजी अमेरिकेतील डॅलसच्या कॉटन बोल स्टेडियममध्ये रोलिंग स्टोन्सची मैफल होती. तिचा काही भाग इंटरनेटवरून थेट दाखवला जाणार होता. तो पाहण्याची सोय सामान्य माणसाकडे नव्हती. विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि काही कंपन्या यांच्याकडच्या महागड्या संगणकांसमोर बसलेली मंडळी हाच काय तो प्रेक्षकवर्ग. मैफल सुरू होण्याआधीच त्यांच्या पडद्यावर एक बँड वाजवू लागला, पण तो स्टोन्स नव्हता. तो होता कॅलिफोर्नियातील ‘सिव्हिअर टायर डॅमेज’ हा संगणकतज्ज्ञांचा हौशी बँड. त्याच्या ड्रमवर होते झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ मार्क वायझर.

या मंडळींनी कोणाची परवानगी काढली नव्हती, कारण ती देणारा कोणी अधिकारीच नव्हता. ज्याच्याकडे जोडणी, त्याला प्रक्षेपणाची मुभा, अशी त्या जाळ्याची रीत होती. पुढे स्टोन्सच्या बाजूनेही या प्रकाराची तक्रार झाली नाही; उलट इंटरनेटच्या लोकशाही स्वभावाची ही चांगली आठवण आहे, अशा शब्दांत त्याचे स्वागत झाले.

आज थेट प्रक्षेपण म्हटले की यूट्यूब, फेसबुक, ट्विच अशी दोन-चार नावे डोळ्यांसमोर येतात. प्रक्षेपण हा मोठ्या कंपन्यांचाच प्रांत आहे आणि तो पहिल्यापासून तसाच होता, असे आपण धरून चालतो. इतिहास तसे सांगत नाही. इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण जन्मले सामायिक जाळ्यात. ते कंपन्यांच्या ताब्यात गेले ते नंतर. आणि गेल्या दहा वर्षांत ते परत मिळवण्याचे काही चिकाटीचे प्रयत्न झाले आहेत.

डॅलसची मैफल ज्या जाळ्यावरून दिसली त्याचे नाव एमबोन. त्याच्या मुळाशी होती ‘मल्टिकास्ट’ ही कल्पना. स्टीव्ह डीअरिंग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात ती विकसित केली आणि 1989 मध्ये तिचा मानक मसुदा प्रसिद्ध झाला. इंटरनेटच्या नेहमीच्या पद्धतीत हजार प्रेक्षक असतील तर सर्व्हरला त्याच चित्राच्या हजार प्रती पाठवाव्या लागतात. मल्टिकास्टमध्ये एकच प्रत निघते आणि वाटेत जिथे फाटा फुटतो तिथला राउटर तिची नक्कल करून पुढे देतो. प्रेक्षक वाढले तरी पाठवणाऱ्यावरचा भार वाढत नाही.

मार्च 1992 मध्ये सॅन डिएगो येथे इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संघटनेची बैठक झाली. तिथली चर्चा तीन खंडांतील वीस ठिकाणी थेट ऐकवली गेली. तेव्हाच्या राउटरना मल्टिकास्ट समजत नसे, म्हणून ठिकठिकाणचे संगणक एकमेकांना जोडून जाळ्यावरच दुसरे जाळे उभारले होते. पुढच्याच वर्षी, 24 जून 1993 रोजी, झेरॉक्स पार्कच्या अंगणात सिव्हिअर टायर डॅमेजने कार्यक्रम केला आणि तो थेट ऑस्ट्रेलियात पाहिला गेला. चित्र टपाल तिकिटाएवढे, आवाज खराब टेलिफोन लाइनवर येतो तसा. साऱ्या एमबोनवर मिळून सेकंदाला 500 किलोबिटच्या आसपासच वाहतूक ठेवायची, असा संकेत होता. जागा कमी आणि वापरणारे अनेक, म्हणून एकमेकांना सांगून-सवरून वेळा ठरत.

हे जाळे टिकले नाही. मल्टिकास्ट सर्वदूर चालायचे तर वाटेतल्या प्रत्येक इंटरनेट पुरवठादाराने आपल्या राउटरवर ते सुरू करायला हवे. त्याचे पैसे कोणाकडून आणि कसे घ्यायचे हे ठरेना, गैरवापर रोखणे अवघड, आणि दुसऱ्याच्या प्रेक्षकांसाठी आपली यंत्रणा राबवण्यात पुरवठादाराला फायदा दिसेना. संशोधकांच्या आपुलकीवर उभे राहिलेले जाळे व्यापारी इंटरनेटच्या काळात मागे पडले. त्याच सुमारास, 1998 मध्ये, एमआयटीतील गणिती टॉम लेटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी अकामाई ही कंपनी काढली. तिचा मार्ग सरळ होता: जगभर हजारो सर्व्हर ठेवायचे, प्रेक्षकाला जवळच्या सर्व्हरवरून प्रत द्यायची आणि त्याचे बिल लावायचे. तेव्हापासून प्रत्येक प्रेक्षकाच्या प्रत्येक मिनिटाला किंमत आली. ज्याच्याकडे पैसा, त्यालाच मोठा प्रेक्षकवर्ग परवडणार हे ठरून गेले.

पुढचा प्रवास सर्वांच्या परिचयाचा आहे. एप्रिल 2005 मध्ये जावेद करीम यांनी सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातली काही सेकंदांची चित्रफीत यूट्यूबवर चढवली. ती तिथली पहिली. पुढच्या वर्षी गूगलने 165 कोटी डॉलरचे समभाग देऊन यूट्यूब विकत घेतले. मार्च 2007 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जस्टिन कान यांनी टोपीला कॅमेरा लावून आपले आयुष्य चोवीस तास थेट दाखवायला सुरुवात केली. त्यांच्या जस्टिन डॉट टीव्हीमधून 2011 मध्ये ट्विच निघाले आणि 2014 मध्ये अॅमेझॉनने ते 97 कोटी डॉलरना घेतले. या सेवांनी कोट्यवधी लोकांना फुकट प्रक्षेपणाची सोय दिली, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. पण मुभा आता परवानगी झाली होती, आणि परवानगी काढूनही घेता येते.

तेच पुढे वारंवार घडले. ऑक्टोबर 2020 मध्ये संगीताच्या स्वामित्वहक्काच्या दाव्यांमुळे ट्विचने अनेक प्रक्षेपकांच्या जुन्या चित्रफिती सरसकट काढून टाकल्या. नेमके काय काढले हे त्यांना कळवलेही नाही आणि बाजू मांडायला संधीही दिली नाही. कंपनीने नंतर याबद्दल माफी मागितली. फेब्रुवारी 2024 मध्ये ट्विचने दक्षिण कोरियातून गाशा गुंडाळला. तिथले नेटवर्क शुल्क इतर बहुतेक देशांच्या दहापट आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. त्याआधी खर्च कमी करण्यासाठी तिने चित्राचा दर्जा उतरवून पाहिला होता आणि प्रेक्षकांच्याच संगणकांमधून चित्र पुढे पाठवण्याचा प्रयोगही केला होता. आपल्याकडे 29 जून 2020 रोजी टिकटॉकवर बंदी आली. बंदीची कारणे निराळी, निर्णय सरकारचा. पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून नावारूपाला आलेल्या कलाकारांचा सगळा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. तो दुसरीकडे हलवण्याची काही सोयच नव्हती.

ट्विचने कोरियात केलेला तो प्रयोग नवा नव्हता. ब्रॅम कोहेन यांनी 2001 मध्ये बिटटॉरेंट आणले. त्यात फाइलचे तुकडे होतात आणि ज्याला जो तुकडा मिळाला तो तो इतरांना देतो. पंगतीत वाढपी एकच असला आणि भांडे मात्र हातोहात पुढे सरकत राहिले, तर पंगत कितीही लांबली तरी अन्न सगळ्यांपर्यंत पोहोचते. तशीच ही रीत. 2004 नंतर चीनमध्ये ती थेट प्रक्षेपणाला लावली गेली. वुहानच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या पीपीलाइव्हवर 28 जानेवारी 2006 रोजी चिनी नववर्षाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम 2 लाखांहून अधिक लोक एकाच वेळी पाहत होते, असे संशोधकांच्या मोजणीत आढळले. एवढ्या प्रेक्षकांना एका जागेहून चित्र पुरवायला त्या काळी प्रचंड खर्च आला असता. तांत्रिक प्रश्न सुटला होता. पण पीपीलाइव्ह ही कंपनी होती. काय दाखवायचे हे तीच ठरवत होती, आणि 2013 मध्ये ती बड्या गुंतवणूकदारांच्या ताब्यात गेली. प्रेक्षकांचे संगणक राबले. मालकी मात्र एकाच जागी राहिली.

हा धडा महत्त्वाचा आहे. चित्र कसे पोहोचते हा एक प्रश्न, आणि दार कोणाच्या हातात आहे हा दुसरा. दोन्ही प्रश्न एकत्र हाती घेणारा प्रयत्न फ्रान्समधून आला.

फ्रामासॉफ्ट ही संस्था मुळात शिक्षकांची. शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर पोहोचावे म्हणून भाषेच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी 2000 च्या सुमारास हे काम सुरू केले. 2014 मध्ये तिने एक मोहीम काढली: गूगलसारख्या कंपन्यांच्या एकेका सेवेला मुक्त पर्याय उभा करायचा. दस्तऐवज, मतचाचणी, बैठकीची वेळ ठरवणे हे सोपे होते. व्हिडिओ मात्र परवडणारा नव्हता. साठवण आणि बँडविड्थ यांचा खर्च देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला बुडवेल, हे उघड होते.

त्याच वेळी ‘चोकोबोझ’ या टोपणनावाने ओळखला जाणारा एक तरुण फ्रेंच प्रोग्रामर 2015 पासून हौस म्हणून पीअरट्यूब नावाची प्रणाली लिहीत होता. 2017 मध्ये फ्रामासॉफ्टने त्याला नोकरीवर घेतले. पुढच्या वर्षी संस्थेने लोकवर्गणीचे आवाहन केले, लक्ष्य 20,000 युरोंचे. जमले 53,000 युरोंहून अधिक. ऑक्टोबर 2018 मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली.

पीअरट्यूबची रचना अशी. हे एकच मोठे संकेतस्थळ नाही. कोणतीही शाळा, विद्यापीठ, संघटना किंवा व्यक्ती आपल्या सर्व्हरवर ते बसवू शकते. तिथले नियम ती स्वतः ठरवते. हे सर्व्हर अॅक्टिव्हिटीपब या भाषेत एकमेकांशी बोलतात. ही भाषा जानेवारी 2018 मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मान्य केली. त्यामुळे एका सर्व्हरवरची चित्रफीत दुसऱ्यावर दिसते आणि मॅस्टोडॉन या हीच भाषा बोलणाऱ्या समाजमाध्यमावरचा माणूस तिथूनच तिच्यावर टिप्पणी करू शकतो. पाहणारे बरेच असतील तर त्यांचे ब्राउझर आपसांत तुकडे वाटून घेतात. या वाटावाटीत एका प्रेक्षकाचा आयपी पत्ता दुसऱ्याला दिसू शकतो. म्हणून ती बंद करण्याची सोय सर्व्हर चालवणाऱ्यालाही आहे आणि पाहणाऱ्यालाही.

या प्रणालीची कसोटी फार लवकर लागली. अॅमस्टरडॅमचे ब्लेंडर फाउंडेशन ब्लेंडर हे त्रिमित चित्र आणि अॅनिमेशन करण्याचे मुक्त सॉफ्टवेअर तयार करते. ‘बिग बक बनी’सारखे त्यांचे लघुपट कोणीही वापरावेत, वाटावेत, बदलावेत म्हणून खुल्या परवान्याने दिलेले. यूट्यूबवर त्यांचे मोठे चॅनल होते, पण संस्थेने त्यावर जाहिराती कधी घेतल्या नव्हत्या. जून 2018 मध्ये एके दिवशी त्या चॅनलवरच्या चित्रफिती जगभर दिसेनाशा झाल्या. त्याच सुमारास एमआयटीच्या मुक्त अभ्यासक्रमांच्या व्याख्यानांवरही तीच वेळ आली. ब्लेंडरच्या सांगण्यानुसार यूट्यूबला त्यांच्याकडून जाहिरातींच्या उत्पन्नाशी निगडित नव्या करारावर सही हवी होती. संस्थेचे प्रमुख टोन रोझेनडाल यांनी ही गोष्ट जाहीर केली. काही दिवसांतच संस्थेने स्वतःच्या पत्त्यावर पीअरट्यूब बसवून चित्रफिती तिथे ठेवायला सुरुवात केली.

यूट्यूबवरचे अडथळे लवकरच दूर झाले आणि ब्लेंडरने ते चॅनलही चालू ठेवले. पण तेव्हापासून त्यांच्या साहित्याची एक प्रत त्यांच्या स्वतःच्या छपराखाली आहे. या प्रसंगात चोरी नव्हती, आक्षेपार्ह मजकूर नव्हता, स्वामित्वहक्काचा वाद नव्हता. आपले साहित्य जाहिरातीविना, विनामूल्य द्यायचे एवढाच संस्थेचा आग्रह होता. तेवढ्यावरूनही दार बंद होऊ शकते, हे जगाला दिसले.

थेट प्रक्षेपणाची सोय मात्र पीअरट्यूबमध्ये अजून नव्हती. तिला गती दिली 2020 च्या महासाथीने. सभा, वर्ग, नाटके, कीर्तने, परिषदा सगळे काही पडद्यावर आले. आपल्याकडे त्या वर्षी गणेशोत्सवात मंडळांनी ऑनलाइन दर्शनाची सोय केली. तीही मुख्यतः मोठ्या कंपन्यांच्या मंचांवर, कारण तयार दुसरे काही हाताशी नव्हते. फ्रामासॉफ्टने पीअरट्यूबच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी पुन्हा वर्गणी काढली. तिच्यातला शेवटचा टप्पा थेट प्रक्षेपणाचा. ऑक्टोबर 2020 मध्ये डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या जागतिक प्रकल्पाने त्यासाठी 10,000 डॉलरची देणगी जाहीर केली. डेबियनची वार्षिक परिषद त्या वर्षी प्रथमच पूर्णपणे ऑनलाइन भरली होती. या परिषदांचे प्रक्षेपण त्यांचे स्वयंसेवक वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअर वापरून स्वतःच करतात. सप्टेंबर 2023 मध्ये ही परिषद केरळात कोचीला भरली तेव्हाही तसेच झाले. ज्यांना या कामाची किंमत अनुभवाने ठाऊक होती, त्यांनीच मदतीचा हात दिला.

7 जानेवारी 2021 रोजी तिसरी आवृत्ती आली. प्रक्षेपकाच्या लॅपटॉपवर ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर असते. त्यातून चित्र पीअरट्यूबच्या सर्व्हरकडे जाते. सर्व्हर त्याचे काही सेकंदांचे तुकडे करतो, वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती बनवतो आणि प्रेक्षकांचे ब्राउझर ते तुकडे सर्व्हरकडून किंवा एकमेकांकडून घेतात. या वाटावाटीला वेळ लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष घटना आणि पडद्यावरचे चित्र यांत सुरुवातीला अर्धा-एक मिनिटाचे अंतर पडे. व्याख्यानाला ते चालते. प्रेक्षकांशी तिथल्या तिथे गप्पा मारणाऱ्याला अडचणीचे होते. 2023 च्या अखेरीस फ्रामासॉफ्टने 1000 एकाच वेळचे प्रेक्षक कृत्रिमरीत्या उभे करून चाचणी घेतली. साधा, लहान संस्थेला परवडेल असा सर्व्हर तेवढ्यांना पुरला. गावातल्या व्याख्यानमालेला किंवा महाविद्यालयाच्या परिषदेला याहून जास्त प्रेक्षक क्वचितच लागतात.

त्याच 2020 मध्ये गेब कँगस या अमेरिकी प्रोग्रामरने ओनकास्ट सुरू केले. पीअरट्यूब म्हणजे पूर्ण ग्रंथालय; ओनकास्ट म्हणजे एका माणसाचे एक केंद्र. एकच प्रोग्रॅम सर्व्हरवर टाकायचा, ओबीएस त्याला जोडायचे, की आपल्या पत्त्यावर चित्र आणि शेजारी प्रेक्षकांच्या गप्पांची जागा तयार. 2022 पासून तेही अॅक्टिव्हिटीपब बोलू लागले. प्रक्षेपण सुरू झाले की मॅस्टोडॉनवरून अनुसरण करणाऱ्यांना सूचना जाते. यात मधल्या कोणत्याही कंपनीचा हात लागत नाही.

विकेंद्रीकरणाची दुसरी एक वाट याच काळात चोखाळली गेली, ती ब्लॉकचेनची. अमेरिकेतील एलबीआरवाय या कंपनीने चित्रफितींची नोंद ब्लॉकचेनवर ठेवली आणि स्वतःचे टोकन विकून पैसा उभा केला. ते टोकन म्हणजे नोंदणी न केलेले रोखे आहेत, असा अमेरिकी रोखे आयोगाने 2021 मध्ये दावा लावला. नोव्हेंबर 2022 मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात गेला आणि पुढच्या वर्षी ती बंद पडली. चित्रफिती अनेक संगणकांवर विखुरलेल्या होत्या, पण कामाचा पैसा एका कंपनीच्या टोकनवर अवलंबून होता, आणि तोच आधार गेला.

सरकारी पातळीवरही एक प्रयत्न झाला. 28 एप्रिल 2022 रोजी युरोपीय संघाच्या विदा संरक्षण पर्यवेक्षक कार्यालयाने ‘ईयू व्हिडिओ’ हा पीअरट्यूबचा मंच संघाच्या संस्थांसाठी सुरू केला. नागरिकांशी बोलताना सरकारी संस्थांनी त्यांची माहिती जाहिरात कंपन्यांकडे देऊ नये, ही भूमिका योग्यच होती. पण तो प्रायोगिक प्रकल्प होता, आणि प्रयोग संपल्यावर तो कायमचा चालवायला संघाची दुसरी संस्था पुढे आली नाही. मे 2024 मध्ये मंच बंद झाला. प्रणाली उत्तम चालत होती. पैशाची चणचणही युरोपीय संघाला असण्याचे कारण नाही.

या सगळ्या घटना शेजारी-शेजारी मांडल्या की एक सूत्र दिसते. एमबोनचे तंत्र चोख होते, पण राउटरची देखभाल आपली म्हणणारा पुरवठादार मिळाला नाही. ईयू व्हिडिओकडे सर्व काही होते, वारस नव्हता. याउलट फ्रामासॉफ्टमध्ये पगारी माणसे दहाच्या आसपास. पीअरट्यूबवर तर अनेक वर्षे एकच पूर्णवेळ प्रोग्रामर होता. तरी ही प्रणाली वाढत राहिली, कारण एका संस्थेने तिची जबाबदारी रोजची म्हणून पत्करली आणि हजारो लोकांनी त्यासाठी थोडे-थोडे पैसे दिले. डिसेंबर 2024 मध्ये सातवी आवृत्ती आणि मोबाइल अॅप आले, तेही याच बळावर. विकेंद्रीकरण कोणत्याही यंत्रात आपोआप वसत नाही. कोणीतरी सर्व्हर सांभाळतो, प्रती काढतो, बिल भरतो, तक्रारी वाचतो, तेवढेच ते टिकते.

पीअरट्यूब यूट्यूबची जागा घेईल असे मी म्हणत नाही. प्रेक्षक अजून तिथेच आहेत आणि कमाईची सोयही तिथेच आहे. पण प्रेक्षक मिळवणे आणि ठेवा सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. मराठी ग्रंथालये, नाट्यसंस्था, संगीत मंडळे, व्याख्यानमाला, महाविद्यालये यांनी गेल्या काही वर्षांत हजारो तासांचे बोलणे आणि गाणे ध्वनिचित्रित केले आहे, आणि त्यातले बरेचसे एखाद्या कार्यकर्त्याच्या खात्यावरून परक्या मंचावर चढवलेले आहे. तो कार्यकर्ता संकेतशब्द विसरला, खाते बंद झाले किंवा कंपनीने नियम बदलले, तर संस्थेकडे मागे काय उरेल? यूट्यूबवर खुशाल राहावे, पण पहिली प्रत आणि मूळ पत्ता आपला असावा. ब्लेंडरने तेवढेच केले.

आपल्याला सहकाराची दीर्घ परंपरा आहे. चार-सहा संस्थांनी मिळून एक सर्व्हर चालवणे आपल्याला अवघड नाही. मात्र तो घेण्याआधी देखभालीचे काम एका माणसाच्या नावावर आणि त्याचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात लिहा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सर्व्हर घेऊ नये. ज्यांना जमेल त्यांनी आता थांबू नये.